पोस्टरवरचा ‘२’ आणि सोमवारचा मॅटिनी

कॉलेजात असताना तीन-चार वर्षं मी बेळगावातल्या एका टॉकीजच्या बुकिंगवर बसायचो. जाळीच्या भोकातून हात आत यायचे, मी तिकीट फाडून द्यायचो. खेळ सुरू झाला की खरं काम. कुठल्या क्लासची किती तिकिटं गेली ते डीसीआरवर, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या तक्त्यावर, उतरवायचं. शेजारी डिस्ट्रिब्युटरचा माणूस खुर्ची टाकून बसलेला, आम्ही तिकिटं खाऊ नयेत म्हणून. मागे मॅनेजर अण्णा. नवीन पिक्चर लागला की येणारा-जाणारा त्यांना एकच विचारायचा, "अण्णा, चालतंय काय?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "सोमवारचा मॅटिनी होऊ दे की, मग सांगतो."

शुक्रवार ते रविवार माणूस पोस्टर बघून येतो. सोमवारी दुपारी जो येतो तो कुणीतरी सांगितलं म्हणून येतो. पिक्चरच्या धंद्यातलं निम्मं गणित या एका वाक्यात आहे, आणि पोस्टरवर २, ३, ‘चॅप्टर’ असले आकडे का वाढलेत त्याचं उत्तरही इथंच सापडतं. फक्त त्यासाठी आधी तिकिटाच्या रुपयाचं काय होतं ते बघावं लागेल.

समजा तिकिटाचा मूळ दर १५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २७ रुपये. तुम्ही खिडकीवर १७७ दिले. ‘जगभरात अमुक कोटी’ अशी जी जाहिरात येते ती या १७७च्या हिशेबातली असते, परदेशातली कमाई धरून. तिला ग्रॉस म्हणतात. कर काढला की उरले १५०, ते नेट. ‘१०० कोटी क्लब’ वगैरे जे बोललं जातं ते बहुतेक वेळा या नेटचं. आणि या १५०तूनही थेटरवाला आपला वाटा ठेवून जे पुढं पाठवतो तो शेअर. निर्माता आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या घरात जातो तो फक्त शेअर.

कराचीही एक गंमत आहे. मूळ दर १००पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, त्याआधी १२ होता. शंभरच्या वर गेलात की १८. म्हणजे १०० रुपयांचं तिकीट गिऱ्हाइकाला १०५ला पडतं आणि १०१चं पडतं ११९ला. मालकाच्या पदरात एक रुपया जास्त, गिऱ्हाइकाच्या खिशातून चौदा. आमच्याकडच्या जुन्या टॉकीजवाल्यांना हे पाठ असतं. दर शंभरावर का अडकलेत असं विचारलंत तर ते तुमच्याकडं दया आल्यासारखं बघतील. त्याच सप्टेंबरात कर्नाटक सरकारने तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादाही घातली होती, पण उच्च न्यायालयाने तिला लगेच स्थगिती दिली. ते भांडण मल्टिप्लेक्सचं, शंभराच्या टॉकीजला त्याचं सोयरसुतक नाही.

आता मुख्य मुद्दा. शेअर दर आठवड्याला सारखा नसतो. २००९मध्ये हिंदीचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठी जुंपली, नवे पिक्चर दोनेक महिने मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. त्यानंतर जो तोडगा निघाला तो असा: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के निर्मात्याकडं, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढं ३०. सिंगल स्क्रीनला वेगवेगळे प्रकार चालतात, कुठं ठरलेलं भाडं, कुठं एमजी म्हणजे आधी मोजलेली हमीची रक्कम. पण कल सगळीकडं तोच.

म्हणजे आपल्या १५० रुपयांतले निर्मात्याला पहिल्या आठवड्यात ७५ मिळतात आणि चौथ्या आठवड्यात ४५. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच पिक्चर. तुम्ही निर्माते असाल तर काय कराल? माणसं पहिल्याच आठवड्यात कशी येतील ते बघाल. आणि ज्या पिक्चरचं नाव कुणाला माहीत नाही, त्याला लोक पहिल्या आठवड्यात येत नाहीत. ते सोमवारची वाट बघतात, कुणी चांगलं म्हणतंय का ऐकतात. ओळखीचं नाव मात्र शुक्रवारी सकाळीच माणूस रांगेत उभा करतं. पोस्टरवरचा ‘२’ हा आकडा म्हणजे आधीच केलेली जाहिरात. तिचे पैसे पहिल्या भागाने भरून ठेवलेले असतात.

किती भरून ठेवलेले असतात ते बघा. ‘केजीएफ’चा पहिला भाग डिसेंबर २०१८मध्ये आला, त्याच्या हिंदी आवृत्तीचं नेट ४४ कोटींच्या आसपास. एप्रिल २०२२मध्ये दुसरा आला, हिंदीत सुमारे ४३४ कोटी. दहापट! ‘पुष्पा’ हिंदीत १०८, पुढचा भाग ८००च्या वर. ‘बाहुबली’ हिंदीत ११८च्या घरात, दुसरा ५१०. ‘दृश्यम’ २०१५मध्ये ६७, दुसरा २०२२मध्ये २४०.

मधल्या काळात असं काय झालं? पहिला भाग टॉकीजमधून उतरला, पण घराघरांत लागला. टीव्हीवर दर रविवारी, मोबाइलवर, एसटीत शेजारच्याच्या स्क्रीनवर. ज्यांनी पहिल्या भागाचं तिकीट काढलं नव्हतं त्यांनीही तो तीन-तीनदा बघितला. म्हणून दुसऱ्या भागाचा अंदाज बांधताना पहिल्याने टॉकीजमध्ये किती कमावलं ते बघून उपयोग नाही. तो फुकटात किती लोकांनी बघितला ते बघायचं. आमच्या वडगावातले विणकर मागावर बसल्या बसल्या ‘केजीएफ’चे संवाद म्हणायचे, कन्नडमधून. टॉकीजमध्ये त्यातले किती गेले होते? बोटावर मोजण्याइतके. दुसऱ्या भागाला सगळे गेले.

यात एक अट आहे, आणि ती फार जण विसरतात. गोष्ट अर्धी राहिलेली पाहिजे. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न दोन वर्षं अख्ख्या देशाला छळत होता. तो सुटण्यासाठी पैसे मोजायची लोकांची तयारी होती. नुसतं नाव पुढं ओढलं तर तसं होत नाही. ‘बंटी और बबली’ २००५चा हिट, त्याचा दुसरा भाग सोळा वर्षांनी आला आणि पंधरा कोटींपर्यंतही पोचला नाही. कुणाला काही जाणून घ्यायचंच नव्हतं. ‘वॉर’ने २०१९मध्ये ३०० कोटी ओलांडले, २०२५मधला दुसरा त्याच्या बराच खाली राहिला, आणि खर्च मात्र वाढलेला. नुकसान इथं होतं. दुसऱ्या भागात नायक जास्त मागतो, दिग्दर्शक जास्त मागतो, सेट मोठे होतात. पहिला भाग चार रुपयांत झाला म्हणून दुसरा चारातच होत नाही.

मराठीत याचं रूप वेगळं. ‘टाइमपास’, ‘मुंबई-पुणे-मुंबई’ यांचे तीन-तीन भाग झाले, ‘झिम्मा’चे दोन. पण मराठीतली सगळ्यात टिकाऊ मालिका कुणी पार्ट टू म्हणून विकलेलीच नाही. ती म्हणजे शिवकाळ. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’: दिग्पाल लांजेकरांचे हे पाच चित्रपट २०१८ ते २०२३मध्ये आले. राजा तोच, मावळे तेच, लढाई नवी. गोष्टीचा शेवट चौथीतल्या पोराला ठाऊक, तरी लोक जातात. जिथं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्र सरून उजाडेपर्यंत चालते त्या बेळगावात याचं आश्चर्य कुणाला? माझं मत विचाराल तर, इतिहास ही हक्क विकत न घेता मिळणारी फ्रँचाइझ आहे, आणि म्हणूनच तिच्यावर नको तितकी माणसं तुटून पडलीत.

आता रूपांतराकडं येऊ. रूपांतर आपल्याला नवं नाही. आपल्याच बाजूच्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८०मध्ये कालिदासाचं शाकुंतल मराठीत आणलं आणि मराठी संगीत नाटकाला तिथून उधाण आलं. कन्नड मुलखातल्या माणसाने संस्कृत गोष्ट मराठीत उभी केली, आणि ती चालली. का चालली? प्रेक्षकांना शकुंतला माहीत होती, पण मराठीत गाताना कुणी बघितली नव्हती. ओळख असावी, पण बघून झालेलं नसावं. रूपांतराचं सगळं भवितव्य या फटीत आहे.

सीमाभागात ही फट फार लहान असते. पुण्यातल्या माणसापेक्षा आम्हाला एक भाषा जास्त येते, कधी दोन. ‘आप्तमित्र’ २००४मध्ये कन्नडमध्ये आला तेव्हा मी खिडकीवर होतो. विष्णुवर्धन, सौंदर्या, जुना वाडा आणि त्यातलं नागवल्लीचं भूत. मल्याळममधल्या १९९३च्या ‘मणिचित्रताळ’चं ते रूपांतर, पण ते मला नंतर कळलं. मराठी बायका रात्रीच्या खेळाला यायच्या आणि मध्यंतरात एकमेकींचा हात धरून बाहेर पडायच्या. तीन वर्षांनी हिंदीत ‘भूल भुलैया’ आला. पहिल्या दिवशी मध्यंतरालाच एक शहापूरचे काका खिडकीशी येऊन म्हणाले, "अरे, हे नागवल्लीच हाय की रे. नाव बदलून आणलंय." मंजुलिका कोण निघणार हे त्यांना दुसऱ्या रिळातच कळलं होतं. बाहेर जाऊन त्यांनी पानपट्टीवर चार जणांना सांगितलं. रहस्यावर चालणाऱ्या पिक्चरला याहून वाईट काय? मुंबई-दिल्लीत तो पिक्चर चांगला चालला. तिथं नागवल्ली कुणाला माहीत होती?

‘दृश्यम’चंही तसंच. मूळ मल्याळम २०१३चा. कन्नडमध्ये रविचंद्रनचा ‘दृश्य’ २०१४ला, हिंदी २०१५ला. आमच्यातल्या कितीतरी जणांनी हिंदी बघताना प्रेत पुरायला कुदळ कुठं मारली होती हे आधीच शेजाऱ्याला सांगितलं.

आणि ‘सैराट’. एप्रिल २०१६, सुमारे चार कोटींत केलेला, ग्रॉसमध्ये शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट. त्याचं कन्नड रूपांतर पुढच्याच वर्षी आलं, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. २०१८मध्ये हिंदीत ‘धडक’. हिंदीचं नेट सत्तर कोटींच्या पुढं गेलं, पण त्यासाठी खर्च किती पट केला ते बघा, मग कुठला पिक्चर मोठा ते ठरवा. सीमाभागात तर दोन्ही रूपांतरांची पंचाईत झाली. गाणी पोरांना मराठीतून पाठ, गाडीवर नाचून झालेलं, शेवट बघून रडून झालेलं. तेच दु:ख पुन्हा विकत कोण घेणार?

याउलट ‘वेड’. तेलुगू ‘मजिली’चं ते रूपांतर, डिसेंबर २०२२च्या अखेरीस आलं आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसलं. आमच्याकडं कन्नड कळतं, तेलुगू फार थोड्यांना. मूळ बघितलेलं नसल्यामुळं ते नवंच होतं. रूपांतर चालेल की नाही याचा ठोकताळा असा: मूळ गोष्ट तुमच्या प्रेक्षकापासून किती भाषा लांब आहे ते मोजा. आता मात्र हे अंतर झपाट्याने कमी होतंय. कर्नाटकात कित्येक दशकं डबिंगला अघोषित बंदी होती, २०१५मध्ये स्पर्धा आयोगाने ती बेकायदा ठरवली. त्यात मोबाइल आला. मूळ पिक्चरच चार-पाच भाषांत एका दिवशी लागू लागला, तर रूपांतर करायला उरतंय काय?

पुस्तक आणि नाटकाचं गणित निराळं. कादंबरी वाचलेली माणसं टॉकीज भरायला पुरत नाहीत, हे साधं आहे. पण ती बोलतात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ एका पिढीने हॉस्टेलमध्ये हातोहात फिरवलेली. २०१३मध्ये चित्रपट आला तेव्हा त्या पिढीने आपल्या पोरांना सांगितलं, जा, बघ. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं नाटक, चित्रपट नोव्हेंबर २०१५. ‘नटसम्राट’ १९७०चं, चित्रपट १ जानेवारी २०१६. दोन्ही नाटकांची नावं घराघरांत, पण ती रंगमंचावर बघितलेली माणसं किती? पुन्हा तीच फट: ओळख आहे, बघणं राहिलंय. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५मध्ये आला, त्याने तर देशात सुमारे ६०० कोटींचं नेट केलं. त्यात कादंबरीचा वाटा किती आणि संभाजीराजांच्या नावाचा किती, हे वेगळं काढता येत नाही, काढायचीही गरज नाही. सोमवारी मात्र खुर्च्या भरलेल्या होत्या.

आता एक गोष्ट खास बेळगावकरांसाठी. तुम्ही हिंदी पिक्चरचं तिकीट काढता त्याचे पैसे कुठल्या खात्यात मोजले जातात? हिंदीच्या धंद्याने देशाचे भाग पाडलेत, त्यांना सर्किट म्हणतात. ही वाटणी राज्य पुनर्रचनेच्या आधीची. त्यात मराठवाडा निजाममध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर हे गुजरात-गोव्यासकट मुंबई सर्किटमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, सीमावादावर आयोग झाला, २००४पासून सुप्रीम कोर्टात दावा चाललाय. डिस्ट्रिब्युटरच्या वहीत मात्र आम्ही मुंबईतून कधी हललोच नाही! कन्नड पिक्चरवालेही या पट्ट्याला आजतागायत मुंबई-कर्नाटकच म्हणतात, सरकारने २०२१मध्ये नाव बदलून कित्तूर कर्नाटक केलं तरी.

मराठी पिक्चरला या वहीचा काही फायदा होत नाही, हे खरं दुखणं. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सने मराठीला खेळ द्यायचे असा नियम आहे. कोगनोळीचा नाका ओलांडला की तो संपतो. जीएसटी येण्याआधी इथं कन्नड पिक्चरला करमणूक कर माफ होता आणि मराठी परभाषेत मोडायची. कर गेला, सवय राहिली. मराठी पिक्चरला इथं बऱ्याचदा दुपारचा एकच खेळ मिळतो. आणि पहिल्या आठवड्याचं जे गणित वर सांगितलं ते इथं उलटं फिरतं. ज्या माणसाला दुपारी बाराला दुकान सोडून जाता येत नाही तो रविवारचीच वाट बघतो. रविवारी गेला तर गर्दी. सोमवारी आकडे बघून खेळ काढलेला. पिक्चर वाईट होता म्हणून पडला, असं नंतर सगळे म्हणतात. नावाजलेला भाग दोन किंवा गाजलेलं नाटक असेल तर निदान दुसरा खेळ मागता येतो. मालिकेच्या नावाचा इथं खरा उपयोग हा: पैसा नंतर, आधी वेळ मिळते.

प्रेक्षकही सरहद्द बघून येत नाही. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, कारण ते जवळ. १९५६ला चंदगड तालुका बेळगावातून काढून कोल्हापूरला जोडला, तरी तिथली पोरं शिनोळीवरून पिक्चरला बेळगावलाच येतात. महाराष्ट्रातल्या माणसाने कर्नाटकात बघितलेला पिक्चर, आणि हिंदी असेल तर हिशेब मुंबईचा.

अण्णा आता रिटायर आहेत, अनगोळला असतात. टॉकीजमध्ये रिळांच्या पेट्या येणं कधीच बंद झालं, पिक्चर सॅटेलाइटवरून उतरतो, डीसीआर संगणकातून निघतो. तरी काही नवीन लागलं की मी त्यांना फोन करतो. परवा खडेबाजारात एक पोस्टर बघितलं, नावापुढं ३ लिहिलेलं. फोन लावून विचारलं, "अण्णा, चालतंय काय?"

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तिसरा? अन् पहिला कुठला होता बे?"